सोसायटीतलं धोकादायक झाड काढताना: कुणाला, कधी आणि कोणत्या क्रमाने बोलवायचं

मे महिना संपत आला की सोसायट्यांची धावपळ सुरू होते. गेटजवळचा गुलमोहर कललेला दिसतो, सभासद तक्रार करतात, कुणीतरी ओळखीच्या झाड तोडणाऱ्याला फोन लावतं आणि रविवारी सकाळी चार माणसं कोयता, दोर आणि कटर मशीन घेऊन हजर होतात. परवानगीचं विचारलं तर "अर्ज टाकलाय" एवढंच उत्तर मिळतं. वीज चालू असते, खाली गाड्या उभ्या असतात आणि झाडावर चढलेल्या माणसाच्या कमरेला साधा सुती दोर असतो.

यात क्रमच उलटा होतो. झाड तोडणारा माणूस या कामात पाचव्या नंबरवर यायला हवा, तो पहिल्या नंबरवर येतो. पुढची सगळी चूक तिथूनच निघते. म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे. तो मुख्यतः महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिका हद्दीतल्या सोसायट्या व बंगलेवाल्यांसाठी आहे. गोव्यात झाडांसाठी 1984 चा वेगळा कायदा आहे आणि तिथला वृक्ष अधिकारी वन खात्याचा असतो. अर्ज कुठे करायचा ते तिथे बदलतं, बाकीची तयारी तीच.

सावधान: झाड आत्ताच उन्मळतंय, मुळांजवळची माती उचलली गेली आहे किंवा फांदी तारेवर टेकली आहे, तर हा लेख बाजूला ठेवा. खालून माणसं हटवा, गेट बंद करा आणि अग्निशमन दलाला 101 वर फोन करा. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक 1916 आहे. पडलेल्या झाडात अडकलेली तार बंद दिसली तरी ती चालू आहे असंच धरा. लाकडी काठीनेही तिला हात लावू नका, ओलं लाकूड वीज वाहून नेतं.

## 1. झाड खरंच काढायचं आहे का, हे ठरवा

कललेलं प्रत्येक झाड धोकादायक नसतं. नारळ उजेडाकडे झुकून वाढतो आणि तसाच वर्षानुवर्षं उभा राहतो. झाड लहानपणापासून कललेलं असेल तर खोडाला बाक येऊन शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला दिसतो. भीती आहे ती नव्याने कललेल्या झाडाची. ते खालपासून वरपर्यंत सरळ काठीसारखं तिरकं दिसतं, आणि कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग किंवा फुगवटा येतो. पेव्हर ब्लॉक उचलले गेले असतील तर तेही बघा.

बुंध्याभोवती एक फेरी मारा आणि पुढच्या गोष्टींचे फोटो काढा:

- बुंध्यावर किंवा मुळांवर उगवलेली कडक, पंख्यासारखी बुरशी. ही दिसली तर आतलं लाकूड कुजत आहे असं समजा.
- खोडातली ढोली, आणि तिच्या तोंडाशी पडणारा भुसा.
- दोन जाड फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यातली उभी भेग.
- शेंड्याकडच्या वाळक्या, साल सुटलेल्या फांद्या.
- गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाजवळ खणलेला केबलचा किंवा ड्रेनेजचा चर. मुळं तुटली असली तरी झाड लगेच पडत नाही, ते पहिल्या मोठ्या वादळी पावसात पडतं.

झाड वाळल्यासारखं वाटत असेल तर बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. हे दोन-तीन ठिकाणी करा. गुलमोहर आणि बहावा उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतात, त्यावरून त्यांना मेलेलं ठरवू नका. वाळवीची मातीची रेघ खोडावर दिसली म्हणून घाबरू नका, ती बहुतेकदा बाहेरची मेलेली साल खात असते. मुंबईतल्या रेन ट्रीवर, म्हणजे पर्जन्यवृक्षावर, पिठ्या ढेकणाने बरीच झाडं मेली आहेत. तिथे मात्र पांढरा कापसासारखा थर आणि एकामागून एक वाळत जाणाऱ्या फांद्या दिसल्या तर उशीर नको.

पुष्कळदा वाळक्या फांद्या उतरवून आणि भार हलका करूनच काम भागतं. ते स्वस्त पडतं, आणि सावलीही टिकते. पण एक चूक जवळपास प्रत्येक सोसायटी करते: इमारतीच्या बाजूच्याच फांद्या कापायच्या, रस्त्याच्या बाजूच्या तशाच ठेवायच्या. झाडाचा सगळा भार एका बाजूला जातो आणि चार पावसाळ्यांत चांगलं झाड धोकादायक होतं. शेंडा उडवून झाडाचं मुंडण करणं हाही तसाच प्रकार. कापलेल्या टोकाशी झुडपासारखे फुटवे येतात, त्यांची पकड वरवरची असते आणि वाऱ्यात तेच पहिल्यांदा तुटतात.

## 2. झाड कुणाचं आहे, ते पक्कं करा

कंपाउंडच्या आत बुंधा असेल तर जबाबदारी सोसायटीची. फुटपाथवरचं झाड महापालिकेचं, त्याच्या फांद्या तुमच्या गॅलरीत आल्या तरी. त्याची तक्रार करा, स्वतः हात लावू नका. शेजारच्या प्लॉटवरचं झाड असेल तर शेजाऱ्याला लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत वॉर्डाच्या उद्यान विभागाला द्या. पुढे काही झालं तर "आम्ही सांगितलं होतं" याला त्या पोचेशिवाय किंमत नसते.

सोसायटीत व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या. एका सभासदाला झाड नको असतं आणि दुसऱ्याला तेच हवं असतं, ही भांडणं झाडाखाली करण्यापेक्षा मीटिंगमध्ये झालेली बरी.

## 3. परवानगी

महाराष्ट्रातल्या शहरांत 1975 चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. खासगी जागेतलं, स्वतः लावलेलं, मेलेलं झाड असलं तरी परवानगी लागते. फांद्यांच्या मोठ्या छाटणीलाही लागते. विनापरवाना तोड हा गुन्हा आहे, आणि तक्रार बहुतेकदा तुमच्याच इमारतीतून होते. अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात किंवा महापालिकेच्या पोर्टलवर करायचा असतो.

अर्जासोबत तयार ठेवा:

- झाडाची जात, उंची, बुंध्याचा घेर (जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर टेपने मोजलेला).
- जागेचा साधा नकाशा, त्यावर झाडाची खूण.
- चारही बाजूंचे फोटो आणि पहिल्या टप्प्यात सापडलेल्या दोषांचे जवळून काढलेले फोटो.
- समितीचा ठराव.
- झाड का काढायचं याचं स्पष्ट कारण.

कारण लिहिताना "पानं पडतात", "पार्किंगला अडथळा", "पक्ष्यांची घाण" असं लिहिलं की अर्ज तिथेच अडतो, आणि अडावाच. झाड मेलेलं, रोगट किंवा जीवित-मालमत्तेला धोका असलेलं आहे, हे कायद्यात मान्य असलेलं कारण आहे. ते असेल तर दोषासकट लिहा: "बुंध्याच्या पूर्वेला बुरशी, पश्चिमेला जमिनीत भेग, कल गेल्या पावसाळ्यानंतर आलेला."

2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि त्याचे नियम कडक आहेत. वयाचा अंदाज अर्जात खोटा कमी करून लिहू नका, पाहणीला आलेल्या माणसाला बुंधा बघून अंदाज येतो.

अर्जानंतर वृक्ष अधिकाऱ्याकडून पाहणी होते. झाड तोडण्याच्या अर्जात साधारणपणे झाडावर नोटीस लागते आणि हरकती मागवल्या जातात. याला महिने लागू शकतात. म्हणून पावसाळ्याआधी काम हवं असेल तर अर्ज जानेवारीतच गेला पाहिजे. मे महिन्यात अर्ज करून जूनमध्ये परवानगीची वाट बघणाऱ्यांची रांग दरवर्षी मोठी असते.

तपासा: परवानगीपत्र हातात आल्यावर शब्द न शब्द वाचा. तोडीची परवानगी आहे की छाटणीची, किती झाडांची, कधीपर्यंत, किती नवी झाडं लावायची, अनामत किती. तीन फांद्यांची परवानगी असताना पूर्ण झाड उतरवलं तर ती विनापरवाना तोडच. काही ठिकाणी महापालिकेने नेमलेल्या कंत्राटदाराकडून पैसे भरून काम करून घेता येतं, तेही याच वेळी विचारून घ्या.

## 4. तारा, टाकी, मोहोळ: आधी जागा वाचा

टोळी बोलावण्याआधी झाडाखाली उभं राहून वर आणि खाली, दोन्हीकडे बघा.

वर: विजेची तार फांदीच्या आवाक्यात असेल तर वीजपुरवठा बंद करूनच काम. त्यासाठी महावितरणला, मुंबईत जी कंपनी वीज देते तिला, लेखी अर्ज देऊन तारीख आणि वेळ ठरवून घ्या. मीटर रूममधला मेन स्विच पाडून बाहेरची तार बंद होत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक तेवढंच करून माणसाला वर चढवतात. केबल आणि इंटरनेटच्या वायरी सोडवून घ्यायलाही त्या त्या माणसांना आधी सांगावं लागतं.

खाली: पाण्याची जमिनीखालची टाकी, ड्रेनेज चेंबर, पाइप गॅसची लाइन. यांच्या खुणा खडूने किंवा चुन्याने जमिनीवर काढा. दोन फूट जाडीचा आणि तीन फूट लांबीचा ओला ओंडका सहज दोनशे किलोच्या वर भरतो. तो वीस फुटांवरून टाकीच्या स्लॅबवर आला तर स्लॅब तडकतो. हायड्रा क्रेन आणायची असेल तर ती टाकीवर उभी राहता कामा नये. तिचा मार्ग आधीच ठरवा.

झाडात: घरटी आणि मोहोळ. उन्हाळा आणि पावसाळा हा पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. घरट्यांत पिल्लं किंवा अंडी असताना झाड उतरवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अडचणीत आणतं, आणि कायदा नसता तरी ते करू नये. झाड आजच पडणारं नसेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. अडचण असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर विचारा. आग्या मोहोळ असेल तर ते काढणारा जाणकार वेगळा बोलवा. कटर मशीनच्या आवाजाने माश्या उठल्या तर चाळीस फुटांवर दोराला बांधलेला माणूस पळू शकत नाही.

## 5. टोळी निवडा

आता फोन लावायचा. निदान तिघांना बोलवा आणि प्रत्येकाला प्रत्यक्ष झाड दाखवा. व्हॉट्सअॅपवर फोटो बघून दर सांगणाऱ्याला यादीतून काढा.

चांगला मुकादम आल्याबरोबर दर सांगत नाही. तो झाडाभोवती फिरतो, मान मागे टाकून बराच वेळ शेंडा बघतो, कोयत्याच्या मागच्या बाजूने खोडावर ठिकठिकाणी ठोकतो. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ खोडाचा बद्द. मग तो टाकी कुठे, गाडी आत कुठपर्यंत येते, लाकूड कुठे साठवायचं असं विचारायला लागतो. त्याला झाडाखालीच हे प्रश्न विचारा:

1. पहिली फांदी कोणती उतरवणार, आणि ती कुठे येणार?
2. कोणत्या फांद्या दोराने उतरवणार, आणि दोर कशावर बांधणार?
3. वर किती माणसं, खाली किती? खालचा दोर कोण सांभाळणार?
4. झाड पोकळ निघालं तर काय करणार?

चौथ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. मेलेल्या किंवा कुजलेल्या झाडावर माणूस चढवायचा नसतो. ज्या खोडाचा भरवसा नाही म्हणून आपण ते काढतो आहोत, त्यालाच माणसाचा जीव बांधायचा, हे चूक आहे. तिथे बूम लिफ्ट किंवा क्रेन लागते. "आमची पोरं चढतात, काळजी करू नका" असं उत्तर आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

साहित्य बघून घ्या. पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, चढणाऱ्यासाठी वेगळा आणि लाकूड उतरवण्यासाठी वेगळा दोर, कप्पी, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कटर चालवणाऱ्याच्या पायांना संरक्षण. कटर चालवताना चढणारा माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा, कारण एक दोर चुकून कापला जाऊ शकतो. दोराची एक लांबी हातात घेऊन तपासा, तंतू उसवलेले असतील तर तो दोर कामाचा नाही.

सावधान: "काम फुकट, लाकूड आमचं." हा सौदा सोसायट्यांना फार आवडतो आणि तोच सगळ्यात महागात पडतो. लाकडावर कमाई असली की टोळीला जास्तीत जास्त, सरळ आणि जाड लाकूड हवं असतं. म्हणजे निरोगी फांद्या जातात आणि वाळक्या, कुजलेल्या तशाच वर राहतात. वेळ वाचवायला ओंडके दोराने न उतरवता सोडून दिले जातात. कामाचे पैसे कामाला द्या, लाकडाचा हिशोब वेगळा ठेवा.

## 6. कागदावर घ्या

एक पान पुरतं. त्यात हे असू द्या: कोणतं झाड, जमिनीपासून किती उंचीपर्यंत कापायचं, खोडका मुळासकट काढायचा की नाही, फांद्या आणि ओंडके कोण आणि कधी नेणार, भिंत-गाडी-पत्रा-पाइप यांचं नुकसान झालं तर कोण भरणार, क्रेनचं भाडं दरात धरलं आहे का. मुळं काढण्याबद्दल आधी बोललं नाही तर शेवटच्या दिवशी त्याचे वेगळे पैसे मागितले जातात आणि मग खोडका पुढची पाच वर्षं गेटजवळ राहतो.

कामगारांचा विमा आहे का, हे विचारा आणि पॉलिसीची प्रत बघा. बाजारात याला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात. तिची मुदत संपलेली नाही ना, आणि तिच्यात उंचीवरचं, झाड कापण्याचं काम धरलेलं आहे का, हे वाचा. ऑफिस साफसफाईची पॉलिसी दाखवणारे भेटतात. तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्यासाठीचा विमा वेगळा असतो, तोही विचारा.

आगाऊ रक्कम पाव हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. शेवटचा हप्ता पालापाचोळा उचलून झाल्यावर आणि जागा झाडून झाल्यावरच.

## 7. कामाचा दिवस

दोन दिवस आधी नोटीस लावा: गाड्या कुठे हलवायच्या, वीज किती वाजता जाणार, कोणतं गेट बंद. आदल्या रात्री सगळ्या गाड्या हलल्या पाहिजेत. सकाळी आठला कुणाची तरी गाडी झाडाखाली सापडते आणि चावी गावाला गेलेली असते, म्हणून रात्रीच फेरी मारा.

सुरुवातीआधी तपासा:

- परवानगीपत्राची प्रत जागेवर आहे.
- वीज बंद झाल्याचं वीज कंपनीच्या माणसाने स्वतः येऊन सांगितलं आहे. फोनवरचं "बंद केलीय" पुरेसं नाही.
- दोरी किंवा पट्टी बांधून जागा अडवली आहे आणि प्रत्येक वाटेवर एक माणूस उभा आहे.
- पाऊस नाही, जोराचा वारा नाही. असेल तर काम पुढे ढकला.
- जवळच्या हॉस्पिटलचा नंबर आणि बाहेर निघायला मोकळी गाडी.

इमारतींच्या मधलं झाड बुंध्यातून कापून आडवं पाडत नाहीत. तसं पाडायला झाडाच्या उंचीच्या दुप्पट मोकळी जागा सगळीकडून लागते, आणि ती सोसायटीत नसते. म्हणून ते वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवायचं. चढणारा वर जाता जाता खालच्या फांद्या मोकळ्या करतो, मग शेंडा उतरवतो, मग खोडाचे ओंडके वरून खाली येत जातात.

जाड फांदी कापताना आधी खालून थोडी चीर, मग जरा पुढे वरून काप. खालची चीर नसेल तर फांदी तुटताना खोडाची साल सोलत खाली येते आणि चढलेल्या माणसाच्या अंगावर झुलते. झाड ठेवायचं असेल आणि फक्त फांदी काढायची असेल, तर शेवटचा काप खोडाजवळच्या फुगीर कड्याबाहेर घ्या. ते कडं कापलं की जखम भरत नाही आणि तिथूनच पुढची कूज सुरू होते. कापावर रंग किंवा डांबर फासायची गरज नाही.

बहुतेक अपघात एकाच क्षणी होतात: वर कटर चालू असताना खालचा माणूस पडलेली फांदी ओढायला आत धावतो. नियम सोपा ठेवा. वरून शिटी, कटर बंद, मग खालचा आत. खालचा बाहेर आल्याची हाक, मग पुन्हा कटर. समितीचा एक माणूस दिवसभर फक्त हे बघायला उभा राहू द्या. त्याने मोबाइलवर शूटिंग करत आत जाणाऱ्या सभासदांनाही अडवायचं.

जेवणाच्या सुट्टीत अर्धवट कापलेली फांदी वर ठेवून कुणी खाली उतरू नये. दुपारनंतर थकव्याने चुका वाढतात. काम उरलं तर दुसऱ्या दिवशी करा, आणि रात्रभर जागा अडवलेलीच ठेवा.

## 8. झाड उतरल्यानंतर

कापलेल्या बुंध्याचा फोटो मोजपट्टी लावून काढा. आतली पोकळी, कूज दिसत असेल तर तोच तुमच्या निर्णयाचा पुरावा. लाकूड बाहेर नेताना परवानगीपत्राची प्रत गाडीसोबत द्या. साग, चंदनासारख्या जातींसाठी वाहतुकीचे वेगळे नियम आहेत, ते वन विभागाकडून आधी विचारून घ्या.

परवानगीत सांगितलेली नवी झाडं मुदतीत लावा, फोटो काढा आणि कळवा. अनामत परत मिळवायची असेल तर याच्याशिवाय मिळत नाही. जुन्या खोडक्याच्या जागीच खड्डा घेऊ नका, कुजणाऱ्या मुळांत नवं रोप नीट धरत नाही, दोन-तीन मीटर बाजूला घ्या. कंपाउंडसाठी बहावा, तामण, बकुळ किंवा सीताअशोक चांगले. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याला बजावून बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवा. मुळांवर काँक्रीट ओतल्याने आज जे झाड काढावं लागलं, तेच पंचवीस वर्षांनी पुन्हा होतं.

आणि उरलेली झाडं बघा. मोठं झाड गेलं की त्याच्या आडोशाला वाढलेल्या शेजारच्या झाडावर पहिल्यांदाच सरळ वारा येतो. पहिला पावसाळा त्याच्या बुंध्याशी दर आठवड्याला एक फेरी मारा, आणि जमिनीला भेग दिसली तर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करा.